धाप आणि पाऊल : दीर्घ श्वसनविकारग्रस्तांच्या पुनर्वसनाचा इतिहास

आपल्या मंडळाची वार्षिक स्मरणिका हाती आली की बहुतेक कुटुंबांत प्रथम गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली पाहिली जाते आणि त्यानंतर श्रद्धांजलीचे पान. या दुसऱ्या पानावर ‘दीर्घ आजारानंतर’ हे दोन शब्द वारंवार वाचावयास मिळतात. ज्यांनी ती माणसे जवळून पाहिली त्यांना हे ठाऊक असते की, त्यांपैकी कित्येकांचा तो दीर्घ आजार म्हणजे छातीचा आजार होता. कोणी त्यास दमा म्हटले, कोणी जुना खोकला, कोणी नुसतीच धाप. पूर्वी जिना चढताना लागणारी धाप पुढे सपाटीवर लागू लागली, पुढे स्नान करताना, आणि अखेरीस अंगात सदरा घालतानाही. या क्रमाने माणूस दहा-पंधरा वर्षे हळूहळू लहान होत जातो. त्याचे जग गावापासून गल्लीपर्यंत, गल्लीपासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून खाटेपर्यंत आकसत येते.

आम्ही वैद्य नव्हे. आयुष्य फळ्यासमोर गेले. तथापि एका प्रश्नाने आम्हांस गेली काही वर्षे पछाडले आहे. फुफ्फुसाची झालेली हानी भरून येत नाही हे एकदा मान्य केल्यावर, त्या माणसासाठी करण्यासारखे काही उरते की नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जगातील अनेक संशोधकांनी आपली उमेद खर्ची घातली आहे, आणि त्यांच्या प्रयत्नांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्या इतिहासातील काही धागे आपल्या चेंबूरपर्यंत येऊन पोहोचतात. म्हणून तो येथे यथामति मांडण्याचे योजिले आहे.

चेंबूरची हवा

आज चेंबूर म्हटले की जाहिरातदारांस पूर्व मुक्त मार्ग आणि उंच इमारती दिसतात. परंतु या गावाचा मुंबईशी पहिला लोहमार्गी संबंध जडला तो शहराच्या केरकचऱ्यामुळे. कचरा वाहून आणण्यासाठी १९०६ साली कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत एकेरी रूळ टाकण्यात आले; त्यावरून उतारूंची वाहतूक सुरू झाली ती १९२४ साली. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. म्हणजे मुंबईने नको ते टाकण्याची जागा म्हणून आपल्या परिसराकडे आरंभापासूनच पाहिले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. १९४५ साली चेंबूर मुंबईत समाविष्ट झाले. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्या येथे पडल्या, वसाहती उभ्या राहिल्या, आणि पाठोपाठ कारखाने आले.

१९५४ साली स्टॅनव्हॅक कंपनीचा व १९५५ साली बर्मा-शेल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना माहूल-तुर्भे भागात सुरू झाला. हेच पुढे अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम झाले. १९५६ च्या सुमारास टाटांचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. १९६५ साली खताचा कारखाना चालू झाला. १९७८ मध्ये त्याचे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्समध्ये रूपांतर झाले. नव्या राष्ट्राची ही अभिमानस्थाने होती यात शंका नाही. त्यांनी सहस्रावधी कुटुंबांच्या चुली पेटविल्या; आपल्या ज्ञातीतीलही पुष्कळ कुटुंबांनी तेथील वेतनावर मुले शिकविली. परंतु चूल पेटली की धूरही निघतो. तेलात व कोळशात गंधक असते. ते जळले की सल्फर डायऑक्साइड नावाचा उग्र वायू होतो, आणि तो श्वासनलिकांच्या अस्तरास चुरचुरवून ती आकुंचित करतो. पुढे चेंबूरला ‘गॅस चेंबर’ असे उपहासाचे नाव पडले ते काही केवळ शब्दसाम्यामुळे नव्हे.

डॉ. कामत यांचे कार्य

हवा वाईट आहे असे प्रत्येकजण म्हणतो. ती किती वाईट आहे आणि तिने माणसाचे नेमके काय होते, हे मोजून दाखविणारा विरळा. मुंबईत हे काम नेटाने करणाऱ्यांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांचे नाव अग्रभागी घ्यावयास हवे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी-अधिक प्रदूषणाचे तीन नागरी विभाग व तुलनेसाठी एक ग्रामीण विभाग निवडला आणि तेथील सुमारे चार हजार माणसांची पाहणी हाती घेतली. एकदा तपासून सोडून द्यावयाचे नाही, तर तीन वर्षे पाठपुरावा करावयाचा, अशी ती योजना होती. तिचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. हवेतील दूषित द्रव्ये जेथे अधिक, तेथे खोकला, धाप व वरचेवर होणारी सर्दी अधिक, असा त्यांचा इत्यर्थ होता. पुढे १९९२ साली मध्य व ईशान्य मुंबईतील श्वसनविकारांसंबंधीचा त्यांचा स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाला. ईशान्य मुंबई म्हणजे आपलाच भाग.

याच डॉ. कामतांनी मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांचा पाच वर्षे अभ्यास करून १९८१ साली एक महत्त्वाचा निबंध लिहिला. कापसाच्या बारीक तुसांमुळे होणाऱ्या आजारास बिसिनोसिस म्हणतात. साप्ताहिक सुटीनंतर कामावर रुजू होताच पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, हे त्याचे आरंभीचे लक्षण. हा आजार आणि धूम्रपान आदी कारणांनी होणारा सर्वसामान्य श्वासनलिकांचा जीर्ण विकार, यांतील भेद ओळखावयाचा कसा, हा त्या निबंधाचा विषय होता. वरवर पाहता हा पंडितांचा वाद वाटेल; परंतु गिरणीकामगाराच्या दृष्टीने तो भाकरीचा प्रश्न होता. आजार कामामुळे झाला हे सिद्ध झाले तरच नुकसानभरपाईचा हक्क पोहोचतो. नाहीतर ‘विड्या ओढल्यास, भोग’ एवढेच उत्तर मिळावयाचे. आपल्या मागील पिढीतील ज्या वडीलधाऱ्यांनी साच्यावर व कार्डिंग खात्यात उमर घालविली, त्यांच्या खोकल्याला शास्त्राच्या दरबारात नाव मिळाले ते अशा परिश्रमांमुळे.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथे विषारी वायू सुटला, त्यानंतर तेथील शंभराहून अधिक वायुग्रस्तांची तपासणी व पुढे दोन वर्षेपर्यंत पाठपुरावा डॉ. कामतांच्या चमूने केला. संकट ओसरल्यावर वृत्तपत्रे दुसऱ्या विषयाकडे वळतात. परंतु वायू पोटात गेलेल्या माणसाची छाती दुसऱ्या विषयाकडे वळत नाही, हे जाणणारा हा संशोधक होता. एका माणसाच्या कारकीर्दीत गिरणीचा तुस, कारखान्याचा धूर आणि भोपाळचा वायू ही तिन्ही प्रकरणे यावीत, यावरून आपल्या देशातील श्वासाचा इतिहास किती खडतर आहे याची कल्पना येते.

त्यांनी घालून दिलेला मोजमापाचा पायंडा पुढेही चालू राहिला. के. ई. एम. रुग्णालयाने माहूल व आंबापाडा येथे केलेल्या पाहणीत जवळजवळ दोनतृतीयांश रहिवाशांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. हा अहवाल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढील प्रकरणात पुरावा म्हणून उपयोगी पडला, आणि २०२० च्या ऑगस्ट महिन्यात न्यायाधिकरणाने चार कंपन्यांनी मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरावेत असा आदेश दिला. २०१६ च्या जानेवारीत देवनारची कचराभूमी पेटून कित्येक दिवस धुमसत राहिली, त्याचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. म्हणजे रोगाचे कारण काय, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती आले आहे; ते अमलात आणणे हा राज्यकर्त्यांचा व नागरिकांचा विषय होय.

परंतु येथे आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. उद्या सर्व धुरांडी थंडावली तरी ज्याची छाती आधीच निकामी झाली आहे, त्याने काय करावे?

विश्रांतीचे साम्राज्य

‘छाती दुर्बळ आहे, तेव्हा विश्रांती घ्या’ हा सल्ला इतका स्वाभाविक वाटतो की, तो चुकीचा असू शकेल ही शंकाच मनास शिवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्षयरोगासाठी आरोग्यधामे निघाली तेव्हा थंड हवा, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने पडून राहणे हीच उपचारपद्धती रूढ झाली. आपल्याकडे पाचगणी व मिरज ही नावे त्याच परंपरेतील होत. या साम्राज्याविरुद्ध आवाज उठविणारे वैद्य मात्र तेव्हाही होते. अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉ. चार्ल्स डेनिसन यांनी १८९५ साली फुफ्फुसाच्या रोग्यांसाठी व्यायाम व आहार यांवर पुस्तक लिहिले. इंग्लंडात फ्रिमली येथील आरोग्यधामात डॉ. मार्कस पॅटरसन यांनी १९०५ पासून रोग्यांस चढत्या श्रेणीने श्रम देण्यास आरंभ केला. प्रथम थोडे चालणे, मग टोपली उचलणे, मग फावडे चालविणे. आळशी रोग्यांस राबवून घेतो म्हणून त्यांची संभावना झाली असल्यास नवल नाही!

विश्रांतीच्या सिंहासनास मोठा धक्का बसला तो मात्र भारतात, आणि याचा आपणांस अभिमान वाटावा. मद्रास येथे क्षयरोग्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटास आरोग्यधामात ठेवून उत्तम आहार, विश्रांती व औषधे दिली. दुसऱ्या गटास तीच औषधे देऊन आपापल्या गरीब व दाटीवाटीच्या घरी राहू दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेल्यांची प्रकृती आरोग्यधामातील रोग्यांइतकीच सुधारली होती. गुण औषधाचा होता, खाटेचा नव्हता. या एका प्रयोगाने जगभरातील आरोग्यधामांचे दिवस भरले.

क्षयाचे ठीक, त्यावर औषध सापडले. परंतु ज्यास आज सीओपीडी म्हणतात, त्या श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या विकाराचे काय? त्यावर मूळचे फुफ्फुस परत देणारे औषध नाही. पंपाने नलिका काहीशा सैल होतात, त्रास कमी होतो, एवढेच. म्हणून या रोग्यांच्या बाबतीत विश्रांतीचे राज्य पुढेही बराच काळ अबाधित राहिले.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

येथे थोडे वळून महाराष्ट्रातील एका थोर पुरुषाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६), हे अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत अध्यापन करीत होते. बडोद्याच्या माणिकरावांकडे शरीरसाधना व माधवदासजींकडे योगसाधना शिकलेल्या या शिक्षकास एक निराळीच तळमळ लागली : योगाचे परिणाम श्रद्धेने न सांगता यंत्राने मोजून सांगावयाचे. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक चालू केले. क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने आसन-प्राणायामांचा अभ्यास करणारी ही जगातील आद्य संस्थांपैकी एक होय.

आम्हांस त्यांची सर्वांत भावणारी गोष्ट म्हणजे सत्यनिष्ठा. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो अशी लोकसमजूत होती व आजही आहे. स्वामीजींनी प्रयोग केले आणि ती समजूत टिकत नाही असे स्वतःच्याच नियतकालिकात लिहिले. प्राणायामाचे महत्त्व श्वासावरील ताब्यात व मज्जासंस्थेवरील परिणामात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वतःस प्रिय असलेल्या विद्येबद्दलची लोकप्रिय परंतु निराधार स्तुती नाकारावयास मोठे धैर्य लागते. साठच्या दशकात लोणावळ्यास दम्याच्या रोग्यांवर योगोपचारांचे प्रयोग झाले. १९८५ साली बंगळूर येथील डॉ. नागरत्ना व डॉ. नागेंद्र यांनी दम्याच्या ५३ रोग्यांना योगाभ्यास देऊन तितक्याच तुल्य रोग्यांशी त्यांची तुलना केली. अभ्यास करणाऱ्यांचे झटके व औषधांची गरज कमी झाली, असा त्यांचा निबंध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पंप सोडून योग करावा असा याचा अर्थ मुळीच नव्हे. पंपाबरोबर योग करावा असा आहे.

चालण्याचे शास्त्र

आता मुख्य कथानकाकडे वळू. १९५२ साली न्यूयॉर्कचे डॉ. आल्व्हन बराक यांनी फुफ्फुस फुगून जीर्ण झालेल्या काही रोग्यांस प्राणवायू देऊन थोडे थोडे चालविले. त्यांची चालण्याची शक्ती क्रमाने वाढत गेलेली पाहून, पहिलवानास सरावाने जो गुण येतो तसलाच काही परिणाम येथे घडत असावा, असा तर्क त्यांनी केला. त्या काळी हा तर्क धाडसाचा होता, आणि बहुतेकांनी तो मनावर घेतला नाही.

तो मनावर घेतला डेन्व्हरच्या डॉ. थॉमस पेटी (१९३२–२००९) यांनी. साठच्या दशकात त्यांनी पाठीवर वा खांद्यावर नेता येईल अशा प्राणवायूच्या नळकांड्याचा उपयोग सुरू केला. खाटेला जखडलेला रोगी प्राणवायू बरोबर घेऊन बागेत जाऊ लागला. परिचारिका लुईस नेट यांच्या साहाय्याने त्यांनी जो सर्वांगीण कार्यक्रम आखला, त्याचे वृत्त १९६९ साली प्रसिद्ध झाले. त्यात व्यायाम होता, श्वासाचे शिक्षण होते, कुटुंबीयांस समज देणे होते, आणि रोग्याच्या खचलेल्या मनाची काळजीही होती. १९८० व १९८१ साली अमेरिकेत व ब्रिटनमध्ये झालेल्या दोन प्रयोगांनी हेही दाखविले की, ज्यांच्या रक्तातील प्राणवायू फार घटला आहे त्यांना दिवसाचे पंधरा तास किंवा अधिक प्राणवायू दिल्यास त्यांचे आयुष्य वाढते.

तरीही शंकेखोरांचे समाधान होईना. ‘रोग्याचे फुफ्फुस तर होते तसेच आहे; मग व्यायामाने सुधारते ते काय?’ असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. याचे उत्तर फुफ्फुसात नव्हे, मांडीत सापडले! धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात. झिजलेले स्नायू थोड्याशा श्रमानेही आम्ल सोडू लागतात. ते आम्ल निकाली काढण्यासाठी श्वास आणखी जोरात घ्यावा लागतो. त्यामुळे धाप वाढते, आणि माणूस आणखी बसतो. हे दुष्टचक्र होय. कॅलिफोर्नियाचे डॉ. रिचर्ड कॅसाबुरी यांनी १९९१ साली दाखवून दिले की, अशा रोग्यांस नेटाने व्यायाम दिल्यास तेवढ्याच श्रमात पूर्वीपेक्षा कमी आम्ल तयार होते व श्वासाची गरज घटते. फुफ्फुस तेच राहिले, परंतु त्यावरील बोजा हलका झाला. आम्ही शाळेत शिकवीत असता पाहिले आहे की, मंदगती विद्यार्थ्यास वर्गातून उठवून बसविल्याने तो शिकत नाही. रोज त्याला पेलेल तेवढीच, परंतु कालच्याहून थोडी अधिक बेरीज द्यावी लागते. स्नायूंची गोष्टही याहून निराळी नसावी.

याच सुमारास मोजमापाचा प्रश्नही सुटत होता. धडधाकट तरुणांसाठी बारा मिनिटांत किती अंतर कापले हे पाहण्याची रीत १९६८ पासून होती. १९७६ मध्ये ती छातीच्या रोग्यांसाठी वापरण्यात आली आणि १९८२ मध्ये ती सहा मिनिटांवर आणली गेली. ब्रिटनमधील लेस्टर येथील पुनर्वसनशास्त्राच्या संशोधिका सॅली सिंग यांनी १९९२ साली आपल्या सहकाऱ्यांसह आणखी एक नामी युक्ती काढली. नऊ मीटर अंतरावर दोन खुणा ठेवावयाच्या. ध्वनिमुद्रणातील ठराविक शीळ वाजली की एका खुणेपासून दुसरीपर्यंत पोहोचलेले असले पाहिजे. आणि दर मिनिटास शिळेचा वेग वाढत जातो. रोगी ज्या पायरीवर मागे पडतो ती त्याची शक्ती. यासाठी लाखो रुपयांचे यंत्र नको. पुरेशी मोकळी पडवी, दोन खुणा व एक ध्वनिफीत पुरे. ही कसोटी जगभर रूढ झाली. तिचे महत्त्व असे की, रोग्यास किती चालवावे हे आता अंदाजाने न ठरविता हिशेबाने ठरविता येऊ लागले.

पुढचा इतिहास पुराव्यांच्या राशीचा आहे. १९९४ साली टोरांटोच्या डॉ. रॉजर गोल्डस्टीन यांनी ८९ रोग्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पुनर्वसन मिळालेल्यांची चालण्याची शक्ती व जीवनाची प्रत सुधारली. २००० साली वेल्समधील कार्डिफ येथे २०० रोग्यांवर झालेल्या प्रयोगात पुनर्वसन घेतलेल्यांचे वर्षभरातील रुग्णालयातील दिवस सुमारे निम्म्यावर आले. २०१५ साली अशा ६५ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यांत ३,८०० हून अधिक रोगी होते, आणि सहा मिनिटांत चालण्याचे अंतर सरासरी सुमारे ४४ मीटरांनी वाढलेले दिसले. चव्वेचाळीस मीटर म्हणजे काय, असे निरोगी माणूस हसून म्हणेल. ज्यास दारापासून रस्त्याच्या कडेपर्यंत जाता येत नाही, त्यास मात्र ते चव्वेचाळीस मीटर म्हणजे देऊळ, भाजीची गाडी आणि नातवाची शाळा होय.

पुण्यापर्यंत आलेली वाट

हे सर्व परदेशचे झाले, असे कोणी म्हणेल. भारतात या विकाराचे स्वरूप काहीसे निराळे आहे. आपल्याकडे कधीही विडी-सिगारेटला न शिवलेल्या स्त्रियाही या विकाराने ग्रस्त होतात. चूल, शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह यांच्या धुरात ज्यांनी चाळीस वर्षे स्वयंपाक केला, त्या आपल्या माता-भगिनींच्या छातीत जो काजळीचा थर साचला त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या डॉ. पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली लिहिलेल्या निबंधात, धूम्रपान न करणाऱ्यांमधील या विकाराकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले. डास पळविण्यासाठी आपण जी कॉइल रात्री उशाशी लावतो, ती एक जळली असता पंचाहत्तर ते एकशेसदतीस सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ सालच्या एका संशोधनात आढळले आहे. खिडक्या लावून ती जाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे लक्षात घ्यावे. १९९० साली भारतात या विकाराचे सुमारे २ कोटी ८१ लक्ष रोगी होते. २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लक्षांवर गेले.

अशा देशात लेस्टरची पद्धत चालेल काय? २०१७ पासून प्रा. सिंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमधील संशोधकांनी युगांडा, किरगिझस्तान, श्रीलंका व भारत येथील संशोधकांसह एक संयुक्त उपक्रम हाती घेतला आणि भारतातून त्यात पुण्याचा समावेश झाला. ज्या स्त्रीने एका पडवीत दोन खुणा ठेवून कारकीर्दीस आरंभ केला, तिचे काम पंचवीस वर्षांनी सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन पोहोचले. स्वामी कुवलयानंदांचे लोणावळे तेथून चाळीस मैलांवर आहे. पूर्व-पश्चिमेच्या या भेटीत आम्हांस कोणाचा जय वा पराजय दिसत नाही. रोग्यास आपल्या श्वासावर पुन्हा ताबा मिळावा, ही दोघांचीही इच्छा एकच.

या पुनर्वसनात प्रत्यक्ष काय असते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. साधारणतः सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालणे वा सायकल मारणे. हातांच्या ताकदीसाठी हलकी वजने. नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतो तसे ओठ करून तो सावकाश सोडण्याचा अभ्यास. पंप योग्य रीतीने ओढण्याचे शिक्षण. आहार, लसी व झटका येण्याची पूर्वचिन्हे ओळखण्याची माहिती. कोठेही चमत्कार नाही, महागडे यंत्र नाही, शस्त्रक्रिया नाही. आणि कदाचित म्हणूनच त्याची कोणी जाहिरात करीत नाही. अमेरिकेसारख्या संपन्न देशात या विकारासाठी रुग्णालयात राहून घरी परतलेल्या सुमारे दोन लक्ष वृद्धांची नोंद तपासली असता, पहिल्या तीन महिन्यांत पुनर्वसन सुरू करणारे शंभरांत दोघेही निघाले नाहीत. ज्यांनी सुरू केले त्यांच्यात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण बरेच कमी आढळले. हे २०२० साली प्रसिद्ध झाले आहे. जे अधिक धडधाकट होते तेच पुनर्वसनास गेले असतील, हा आक्षेप येथे संभवतो. परंतु इतर प्रयोगांची साक्षही त्याच दिशेची आहे.

आपले कर्तव्य

या इतिहासातून आम्हांस जो बोध झाला तो सांगून हे लेखन संपवितो. आपल्या समाजात वृद्धांची सेवा करण्याची रीत अजून शिल्लक आहे, ही भाग्याची गोष्ट होय. परंतु सेवेच्याही काही पद्धती घातक ठरतात. ‘अण्णा, तुम्ही उठू नका, पाणी आणून देतो’, ‘आई, खाली उतरू नकोस, धाप लागेल’ हे शब्द प्रेमाचे असतात, आणि तरी त्यांचा परिणाम दुष्टचक्राला एक वेढा अधिक देण्यात होतो. ज्यास आपण जपतो असे वाटते, त्याच्या मांड्या आपण झिजवीत असतो. धाप लागणे म्हणजे मरणे नव्हे. सुयोग्य देखरेखीखाली थोडी धाप लागू देणे हाच उपचाराचा गाभा होय, हे शास्त्राने शंभर वर्षे धडपडून शिकविले. ते कळण्यास आपल्या घरांनी आणखी शंभर वर्षे घेऊ नयेत.

अर्थात हे आपल्या मनाने करावयाचे नव्हे. प्रथम छातीच्या डॉक्टरांकडून फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्यावी. हृदयविकार वा अन्य दोष नाही ना हे पाहून घ्यावे, आणि मग त्यांच्या सल्ल्याने चालण्याचा क्रम ठरवावा. दिलेला पंप ‘सवय लागेल’ या भीतीने बंद करू नये.

मंडळाच्या कार्यकारिणीस आमची नम्र सूचना अशी. आपले सभागृह सकाळी रिकामे असते. तेथे आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली ज्ञातीतील श्वसनविकारग्रस्तांचा वर्ग चालविता येईल. दोन खुणा, एक घड्याळ, चार खुर्च्या एवढेच सामान लागेल. वैद्यकीय साहाय्यनिधीतून ज्यांस आवश्यक त्यांच्या स्पायरोमेट्रीचा खर्च देता येईल. वर्षाअखेरीस कोण किती मीटर अधिक चालला याची नोंद स्मरणिकेत छापावी. गुणवंत विद्यार्थ्यांच्या नामावलीइतकीच ती आम्हांस वाचनीय वाटेल.

आणि हवेचे काय? पुनर्वसनाने धुरांड्यांस क्षमा मिळत नाही. डॉ. कामतांनी जे मोजून दाखविले ते विसरून केवळ रोग्यानेच चालावे व कारखान्याने हवे ते सोडावे, असे झाल्यास ती रोग्याची थट्टा होईल. रोग्याने पाऊल उचलावे हे त्याचे काम. तो ज्या हवेत पाऊल उचलतो ती स्वच्छ ठेवणे हे सर्वांचे काम. एका हाताने वर्ग चालवावा व दुसऱ्या हाताने तक्रारअर्ज लिहावा, अशी दुहेरी जबाबदारी चेंबूरकरांच्या वाट्यास आलेली आहे. ती पार पाडण्याची बुद्धी व बळ परमेश्वर सर्व ज्ञातिबंधुभगिनींस देवो. इत्यलम्.